ड्रायव्हर : चालक, वाहक की दुभाषी?

खटपट्या : शेतातल्या मातीचा ओलावा मोजणाऱ्या बोर्डासाठी मराठी माहितीपत्रक लिहितोय. बोर्डावर सीएच३४० ही स्वस्तातली चिप आहे, लॅपटॉपला यूएसबीने जोडायचं. लिनक्सच्या कर्नेलमध्ये (गाभ्यात) तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, आधीच असतो, विंडोजवर बहुधा टाकावा लागतो. मी 'चालक टाका' असं लिहिलं, तर पहिल्याच वाचणाऱ्याने विचारलं, "चालक? कुठे बसवायचा?" दुसरा शब्द सुचवा.

अर्धविराम : 'चालक' व्याकरणात बिनचूक आहे, पण मराठीत त्याच्या जागा ठरून गेल्यात. एक एसटीत, दुसरी 'संस्थाचालक' या जोडशब्दात (आणि तिथे नक्की काय चालतं यावर बोलायला नको). 'वाहक' तर नकोच. तो तिकीट देतो, नाहीतर विज्ञानाच्या पुस्तकात तांब्याची तार होतो.

खरी गंमत क्रियापदात आहे. गाडीवर ड्रायव्हर 'ठेवतात', कॉम्प्युटरमध्ये 'टाकतात'. गाडीचा ड्रायव्हर रजेवर जातो, कॉम्प्युटरचा 'उडतो'. म्हणजे बोलणाऱ्यांनी एका शब्दाचे दोन शब्द केव्हाच केलेत. 'पेन ड्राइव्ह'ला 'पेन ड्रायव्हर' म्हणणारे वेगळेच.

तारयंत्र : माझं मत 'दुभाषी'. चालक म्हटलं की नातं फक्त यंत्राशी उरतं. ड्रायव्हरला दोन बाजू असतात, म्हणून तर तेच उपकरण असूनही विंडोजचा ड्रायव्हर मॅकला चालत नाही. उपकरणाची बोली तीच, पलीकडचा ऐकणारा बदलला.

कीबोर्डला वेगळा ड्रायव्हर का लागत नाही? कारण तो बोली नव्हे, प्रमाणभाषा बोलतो. यूएसबीने उपकरणांचे वर्ग पाडलेत : ध्वनी १, कीबोर्ड-माउस ३, पेन ड्राइव्ह ८. त्या वर्गांचे दुभाषी सगळ्या मोठ्या प्रणालींत आधीच बसलेले असतात. इंग्रजी 'के'ची कळ दाबली की कीबोर्ड फक्त १४ हा आकडा पाठवतो. त्याचा 'क' करायचा की 'के', हे प्रणाली ठरवते. इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कळरचना चालू असेल तर 'क'. कीबोर्डला मराठी येत नाही हो!

तुमची चिप मात्र २५५ या वर्गात मोडते, म्हणजे 'आमची भाषा आमच्यापुरती'. मग ओळख पटते ती उत्पादक क्रमांक आणि वस्तू क्रमांक या जोडीवरून, तुमच्याकडे १ए८६ आणि ७५२३. बोर्डाची रचना बदलणं अजून तुमच्या हातात असेल तर प्रमाण सीरियल (माहिती एकेक बिटने पाठवणाऱ्या) वर्गातली चिप घ्या. विंडोज १० तिला आपणहून ओळखतं, वर काही टाकायला नको.

माहुताची काठी : दुभाषी फक्त बोलणं पोचवतो. ड्रायव्हर उपकरण जागं करतो, झोपवतो, ताबा ठेवतो. मी 'माहूत' म्हणेन. आणि चुकीचा माहूत चढला की काय होतं तेही सांगतो. माझ्या लिनक्सवर अशीच चिप लावली, ttyUSB0 नावाचा सीरियल पोर्ट क्षणभर दिसला आणि गायब. दोन संध्याकाळी केबली बदलत बसलो. शेवटी कळलं, अंधांसाठीची ब्रेल पाटी चालवणाऱ्या प्रोग्रामने तिच्यावर झडप घातली होती. काही ब्रेल पाट्यांतही हीच चिप, हाच क्रमांक! तो प्रोग्राम काढला, पोर्ट परत आला.

तारयंत्र : काका, म्हणजे नावावरून भलत्याचा दुभाषी आला. माझाच मुद्दा झाला की!

अर्धविराम : माहूत छान आहे, पण 'माहूत डाउनलोड करा' कोण लिहिणार? आणि लिबयूएसबीसारख्या लायब्ररीला (प्रोग्रामला यूएसबी उपकरणाशी थेट बोलू देणाऱ्या तयार कोडला) काय म्हणाल? तिच्यामुळे एकच प्रोग्राम तिन्ही प्रणालींवर चालतो. पण विंडोजवर तिलाही खाली विनयूएसबीसारखा ड्रायव्हर लागतो, लिनक्सवर परवानगीचा नियम लिहावा लागतो. दुभाष्यावर दुभाषी?

खटपट्या : बरं, असं लिहिलंय : "विंडोजवर आधी ड्रायव्हर टाका (बोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषी). लिनक्सवर तो असतोच, फक्त स्वतःला डायलआउट गटात घाला आणि एकदा लॉग-आउट करून परत या." 'चालक' खोडला. आता हा 'डायलआउट' कसा समजावू? शेतात फोन फिरवायचा नाहीये.

माहुताची काठी : तो सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांचा गट, टेलिफोन मोडेमच्या काळातला, नाव तसंच राहिलं. समजावू नका, जसाच्या तसा टाइप करायला सांगा.