चिंचेवरची वटवाघळं हाकलायला सह्या करताय? आधी हे वाचा

चिंचेशेजारी:
काल आपल्या सोलापुरातल्या भागाच्या ग्रुपवर फोटोसकट पोस्ट पडली. "तलावाकडच्या जुन्या चिंचेवर तीन-चारशे वटवाघळं लटकलीत, निपाह करोना सगळं यांच्यातूनच येतं, अंगणात घाण करतात, झाड तोडायचा अर्ज देतोय, तोवर रोज संध्याकाळी सुतळी बॉम्ब लावून हाकलू, सह्या करा." सकाळपर्यंत साठ सह्या! रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय, लांब झालं तर होऊ दे.

मी त्या चिंचेपासून तिसऱ्या घरात ३१ वर्षं राहते. लग्न होऊन आले तेव्हाही ती तिथंच होती. दिवेलागण झाली की एकेक करून सुटतात आणि पहाटे तांबडं फुटायच्या आत परत. पंख पसरले की चार फुटांच्या वर भरतं, मोठा नर किलो-सव्वा किलोचा. तोंड कोल्ह्यासारखं, मानेवर पिवळसर-तपकिरी केस. माळ्यावर फडफडणारी पाकोळी, म्हणजे बारकं वटवाघूळ, ती वेगळी बरं का, ती किडे खाते आणि आवाजाच्या पडसादावर उडते. हे मोठं वटवाघूळ डोळ्यानं आणि नाकानं फळ शोधतं, म्हणून "आंधळं असतं, केसांत अडकतं" हे सोडून द्या. वर्षाला पिल्लू एकच, उन्हाळ्याच्या तोंडाशी होतं, आणि आई ते छातीला चिकटवून घेऊन उडते.

आणि ही जागा त्यांनी उगाच नाही निवडली. मोठं उंच झाड, जवळ पाणी, आणि रात्रीत जाऊन येता येईल एवढ्यावर वड-उंबर-जांभूळ-निंब. उन्हाळ्यात कंबर तलावावर जाऊन उभे राहा, उडता उडता पोट पाण्याला लावून जातात आणि मग झाडावर लटकून छातीचे केस चाटतात, असं पाणी पितात ती. गेल्या मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेला तेव्हा दिवसभर पंखानं वारा घेत होती, तरी नऊ खाली पडून मेली. मी मोजलीत. तुम्ही त्यांच्यावर बॉम्ब लावणार?

पोस्ट माझीच:
ताई, पोस्ट मी टाकली, नाव न घेता का होईना तुम्ही मलाच बोलताय म्हणून उत्तर देतो. तुमचं घर तिसरं, माझं पहिलं. फांदी माझ्या गच्चीवर येते. सकाळी उठलं की अंगणभर काळा-पिवळा चिखल, कपडे वाळत घालता येत नाहीत, गाडीवर डाग, वास तर विचारू नका. घरात सव्वा वर्षाची नात आहे, ती सापडेल ते तोंडात घालते. २०१८ ला केरळात कोझिकोडकडं निपाहनं १७ माणसं गेली आणि तिथल्या याच जातीच्या वटवाघळांत तो व्हायरस सापडला, हे खोटं आहे का? आणि महाबळेश्वरच्या वटवाघळांतही सापडला हे पुण्याच्या एनआयव्हीनंच, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनंच सांगितलं. महाबळेश्वर म्हणजे काय केरळ नाही, आपल्याच महाराष्ट्रात आहे. माझ्या नातीला काही झालं तर तुमची चिंच भरून देणार का?

चिंचेशेजारी:
केरळचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण महाबळेश्वरचं अर्धंच सांगताय. ते नमुने मार्च २०२० मध्ये गुहेतून घेतले, बातमी २०२१ ला आली. त्यात दोन जाती होत्या, एक गुहेत राहणारं मध्यम आकाराचं फळं खाणारं वटवाघूळ आणि एक अगदी बारकं, किडे खाणारं. चिंचेवरचं ते हे नव्हेच. आणि तेव्हा राज्यात एकाही माणसाला लागण झालेली नव्हती. बांगलादेशात वारंवार होतं कारण तिथं खजुरीचा कच्चा रस रात्रभर उघड्या मडक्यात धरतात, त्यात वटवाघळं तोंड घालतात आणि सकाळी लोक तो तसाच पितात. म्हणजे काय करायचं? त्यांनी कुरतडलेलं फळ खायचं नाही, उघडी शिंदी प्यायची नाही, पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही. एवढं पाळा ना! मे २०२० मध्ये गोरखपूरकडं शेकडो वटवाघळं मरून पडली तर करोना करोना म्हणून गाव घाबरलं, आणि बरेलीच्या आयव्हीआरआय या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की उन्हानं मेंदूत रक्तस्राव झाला.

आणि तो "चिखल" सगळा विष्ठा नसतो. फळ चावून रस गिळतं आणि चोथा थुंकतं, म्हणून तर आपल्या आज्ज्या म्हणायच्या वटवाघूळ तोंडानं हागतं.

पेठेतला बंड्या:
ताईंचं बरोबर वाटतंय बे. पण वास लई येतोय हे पण खरं, मी रोज तिथनं शाळेत पोरगी सोडतो.

सांगोला बागायत:
शहरातल्या लोकांनी वटवाघळाचं कौतुक करावं आणि आम्ही भरावं. माझी अडीच एकर डाळिंब हाय, मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा बहार धरलाय, माल रंगावर आलाय. रोज सकाळी बागेत गेलं की फळाला भोक आणि दोन दिवसांत फळ कुजून खाली. झाडाखाली सडा पडतो. रात्री बॅटरी मारली तर वर फडफड. माझ्याच काय, शेजारच्या तिघांच्या बागेत हेच. चारशे वटवाघळं तुमच्या चिंचेवर झोपतात आणि जेवायला आमच्याकडं येतात. तोडा ती चिंच, माझी पण सही घ्या.

चिंचेशेजारी:
दादा, सोलापूर ते सांगोला अंतर बघा हो, इथली तिथवर कशाला येतील, तुमच्याकडं तुमची असतील.

सांगोला बागायत:
तुमची आमची करू नका. वटवाघूळ ते वटवाघूळ.

कृषी पदवीधर:
दादा, भोक कसं आहे ते सांगा. टाचणीनं टोचल्यासारखं बारीक, भोवती नरम गोल डाग, आणि दाबलं की रस येतो, असं असेल तर ते वटवाघूळ नाही. तो रस शोषणारा पतंग. नारिंगी मागचे पंख असलेला मोठा पतंग असतो, संध्याकाळनंतर येतो, सोंड फळात खुपसतो, त्या भोकातून बुरशी शिरते आणि फळ कुजतं. पावसाळा संपता संपता याचा जोर असतो, म्हणजे नेमका तुमचा मृग बहार. वटवाघूळ खाईल तर फळाचा लचका जाईल, दाताच्या खुणा राहतील, चोथा पडेल.

सांगोला बागायत:
पुस्तक वाचून आलात वाटतं. पंचवीस वर्षं डाळिंब करतोय मी. आधी तेल्या रोगानं मारलं, सगळी बाग उपटून जाळली, परत लावली. मग खोडाला पिन होल बोरर, खोड पोखरणारा किडा लागला, सांगोल्यात बागाच्या बागा वाळून गेल्या, शेजाऱ्यानं आठशे झाडं ट्रॅक्टरनं ओढून काढली आणि बांधावर बसून रडला. केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र हाय, २००५ पासनं हाय, सोलापूर डाळिंबाला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं, पण माझ्या बांधावर कोण आलं? पीकविम्याचे पैसे भरले, आणि पैसे द्यायच्या वेळी म्हणतात "तुमच्या महसूल मंडळातला पाऊस निकषात बसत नाही". आता तुम्ही म्हणताय पतंग.

मंगळवेढ्याची सून:
विम्याचं अगदी खरं. आमच्या सासऱ्यांचं पण असंच झालं, तीन वर्षं हप्ता गेला, एक रुपया आला नाही. फोन केला तर दुसऱ्या माणसाकडं पाठवतात, दुसरा तिसऱ्याकडं.

द्राक्ष पंढरपूर:
विमा सोडा, मजुरीचं बोला. पेपर बॅग घालायला माणूस मिळत नाही, मिळाला तर ज्या भावात मागतो त्या भावात द्राक्ष सुद्धा जात नाहीत. आणि औषधाचे भाव. एका हंगामात किती फवारण्या होतात कुणी मोजल्यात का?

पेठेतला बंड्या:
अरे विषय काय चाललाय बे, वटवाघळं कुठं गेली.

सांगोला बागायत:
विषय हाच हाय. पोट भरलं की पर्यावरण सुचतं.

कृषी पदवीधर:
दादा, तुमच्या दुःखावर मी बोलत नाही. माझे वडील पण डाळिंबावरच उभे राहिले आणि डाळिंबानंच बसले, तेल्यात आमची चार एकर गेली, मी बारावीत होतो. म्हणून सांगतोय, शत्रू चुकीचा धरला की औषध चुकतं. या पतंगाची अळी बागेत नसतेच, ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. करोनानंतर बांधाबांधावर गुळवेल लावलीय लोकांनी. बांधावरच्या वेली बघा, फळांना पिशव्या घाला, संध्याकाळी धूर करा, पडलेली कुजकी फळं उचलून पुरा, आणि रात्री आठ ते अकरा बॅटरी घेऊन फळाफळावर बघा. वर बघू नका, फळावर बघा.

नियमावर बोट:
दोन गोष्टी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत होती, उंदीर-कावळ्यांच्या रांगेत, म्हणजे उपद्रवी, मारलं तरी गुन्हा नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि हे मोठं वटवाघूळ आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. फटाके लावून हाकलणं कायद्यानं अंगाशी येईल. दुसरं, शहरातलं झाड १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली येतं आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज वृक्ष धरतात. साठ सह्यांनी ते पडत नाही.

सांगोला बागायत:
झालं. आता मारायचं पण नाही, हाकलायचं पण नाही आणि माझ्या बागेचा पंचनामा पण कुणी करणार नाही. कायदा करणाऱ्यांनी एक रात्र माझ्या बागेत काढावी.

म्हातारा रेल्वे लाईन्स:
मी ७८ वर्षांचा आहे. लहानपणी आमच्याकडे एक माणूस वटवाघळाचं तेल विकायला यायचा, संधिवाताला चोळायचं म्हणून. आजीनं घेतलं होतं, गुडघे काही बरे झाले नाहीत, पण त्या वडावरची वटवाघळं गोफणीनं आणि बंदुकीनं संपली. पंढरपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूला वडाची झाडं होती, कमान व्हायची, वारीला त्या सावलीतनं चाललोय मी. रुंदीकरणात गेली. आता हे प्राणी कुठं लटकणार? विजेच्या तारेवर? जुनी झाडं राहिली शहरात, म्हणून ती शहरात आली. वड, पिंपळ, उंबराचं बी यांच्याच विष्ठेतून पडतं. किल्ल्याच्या दगडात उगवलेला पिंपळ कुणी लावायला गेलं नव्हतं. बिहारात वैशाली जिल्ह्यात सरसई नावाचं गाव आहे, तिथं लोक वटवाघळांना मान देतात. आपण पूजा नका करू, पण फटाके तरी लावू नका.

पोस्ट माझीच:
काका, तुमचा आदर आहे, पण सरसईत माझी नात राहत नाही. आणि झाडाचं प्रेम असेल तर हेही बघा, वटवाघळांनी शेंड्याची पानं झोडपून टाकलीत, वरच्या फांद्या उघड्या पडल्यात. झाड तसंही वाळणारच.

चिंचेशेजारी:
शेंड्याचं तुमचं बरोबर आहे. पंख मारून, चढून-उतरून पानं जातात, मीही बघितलंय. पण दर पावसाळ्यात पालवी परत येते, ३१ वर्षं येतेय. तुमच्या गच्चीवरची टाकी उघडी आहे ती आधी झाका. मी गेल्या वर्षी आपल्या वहिनींना सांगितलं होतं, आठवत असेल.

पोस्ट माझीच:
माझ्या घरातल्या टाकीवर तुम्ही बोलू नका.

चिंचेशेजारी:
तीनशे जीवांचं घर पाडायला निघालात तर टाकीवर बोलणारच. बाराशे रुपयाचं झाकण येतं. नातीचीच काळजी असेल तर पहिलं काम ते.

मंगळवेढ्याची सून:
भांडू नका हो दोघं, शेजारी आहात.

सांगोला बागायत:
काल रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन गेलो, पोरगं पण होतं बरोबर. त्या कृषीवाल्यानं सांगितलं तसं फळावर बघितलं. पहिल्या दोन ओळीत १९ पतंग सापडले, सोंड खुपसून बसलेले, बॅटरी मारली की डोळे चमकतात. नारिंगी पंखच हायत. पोरानं डब्यात धरलेत. बांधाला गुळवेल हाय, बायकोनं लावलेली, काढू देत न्हाई म्हणते, काढ्याला लागते. डाळिंबाचं मी मागं घेतो. पण बांधावरच्या पेरूवर वटवाघळंच होती, पाच, डोळ्यानं बघितली, अर्धे पेरू खाऊन टाकले. पेरूचं मागं घेणार न्हाई.

कृषी पदवीधर:
पेरूचं मान्य आहे दादा, पेरू खातात ती. जाळी लावणार असाल तर ताणून आणि बारीक घराची लावा, ढिल्या जाळीत पंख अडकून रात्रभर ओरडत मरतात आणि सोडवायला जाणाऱ्याला चावतात. चावलं तर लगेच साबणानं धुवायचं आणि रेबीजची लस.

सांगोला बागायत:
बघतो. पतंगाला कुठली पिशवी घालायची ते पाठव.

पोस्ट माझीच:
अर्ज मी आज दिलेला नाही. झाड तोडायचं वाक्य काढतो, पण माझ्या गच्चीवरची एक फांदी रीतसर परवानगी घेऊन छाटून पाहिजे, त्यात तडजोड नाही. फटाक्याचंही काढतो. टाकीला झाकण सांगितलंय, उद्या येईल.

चिंचेशेजारी:
त्या एका फांदीला माझी सही घ्या. पण छाटणी आत्ताच, दिवाळीनंतर लगेच. फेब्रुवारी उजाडला की पिल्लं होतात, तेव्हा करवत आणली तर मी झाडाखाली येऊन बसेन.