कायद्यावर थेट लोकांचं मतदान: गोव्यात का नको?

डिचोलीकर
१६ जानेवारी १९६७ चा सार्वमत कौल आठवा. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणूनच राहणं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आमच्या घरची सगळी मतं फुलाला, म्हणजे आम्ही हरलेल्यांपैकी. तरी म्हणतो, पद्धत चोख होती. निकाल लागला आणि तो विषय संपला.

मग मोठ्या कायद्यांवर हेच का नको? स्वित्झर्लंडमध्ये संसदेने कायदा केला की १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवायच्या, कायदा मतदानाला जातो. घटनादुरुस्ती सुचवायची तर १८ महिन्यांत १ लाख सह्या. तिथल्या हिशेबाने आपल्याकडे दहा-साडेदहा हजार सह्या पुरतील. नगर नियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) हे जमिनीचा झोन बदलू देणारं कलम घुसवलं, तेव्हा ही सोय असती तर लोकांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नसत्या.

पेडण्याचा वकील
साहेब, तो कौल आकाशातून पडला नव्हता. संसदेने १९६६ साली त्यासाठी खास कायदा केला होता. आपल्या घटनेत लोकांनी थेट कायदा करायची तरतूदच नाही, विधेयक विधानसभेतून जातं आणि राज्यपालांची सही लागते. उद्या गोव्याने ठरवलं तरी बंधनकारक मतदान एकट्याच्या बळावर आणता येणार नाही.

आणि विषय संपला कसा? मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. स्वतंत्र राज्य हवं असलेल्याने शिक्का कुठे मारायचा? ते राज्य मिळायला ३० मे १९८७ उजाडावं लागलं, तेही संसदेच्याच कायद्याने. प्रश्न कोण लिहिणार, हे आधी सांगा.

माडाखालची
मला वेगळीच भीती आहे. त्याच स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ साली मिळाला, कारण मतदान पुरुषांचं होतं आणि १९५९ मध्ये त्यांनी चक्क नाही म्हटलं होतं. २००९ मध्ये मशिदींच्या मिनारांवर बंदी आली ती मतदानानेच. आपल्याकडे ‘भायल्यांना (बाहेरून आलेल्यांना) भाड्याने घर देऊ नये’ असा प्रस्ताव येऊ द्या, दहा हजार सह्या शनिवारच्या बाजारातच होतील.

फोंड्याचा म्हातारा
तुम्ही दोघं स्वित्झर्लंडला पोचलात, जरा शेजारी बघा की. महाराष्ट्रात गावातलं दारूदुकान बंद करायला उभी बाटली-आडवी बाटली असं मतदान होतं. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची आणि एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा. घरी बसलेलीचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. अट कडक आहे, म्हणून कुणी खेळ म्हणून करत नाही.

२०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांवर सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. खाण झाली नाही.

आणि आमची ग्रामसभा? रविवारी सकाळी दारातच हजेरीवहीत सह्या घेतात. पहिला तास मागच्या इतिवृत्तावर भांडणात जातो. रस्ता नि गटार येईपर्यंत निम्मे लोक मासळी आणायला गेलेले असतात. मग कुणीतरी मेगा प्रकल्पाविरुद्ध ठराव मांडतं, हात वर होतात, सचिव लिहून घेतो. पुढच्या सभेत विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘वर पाठवला.’ आधी या ठरावाला दात द्या, मग राज्याच्या कायद्याचं बघू.

सत्तरीचा पोर
आजोबा पटले. पण पैशाचं काय? कॅलिफोर्नियात २०२० मध्ये ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्या कंपन्यांनी चालकांना नोकरदार न मानण्याचा प्रस्ताव स्वतःच आणला, साधारण २० कोटी डॉलर ओतले आणि जिंकला. इथे कॅसिनोवाले नि बिल्डर हात बांधून बसतील?

डिचोलीकर
आमदार फोडायला पैसा लागत नाही का? चाळीस जणांत फिरवायचा पैसा लाखो मतदारांत वाटून बघा म्हणावं. आणि भायल्यांच्या भीतीवर उपाय आहे: मूलभूत हक्कांना हात लावणारा प्रस्ताव सह्या गोळा करायच्या आधीच कोर्टाने बाद करायचा.

रायबंदरचा
मग राजभाषेवरही घ्या मतदान! १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला ‘वापरता येईल’ एवढ्यावर बसवलं. विचारलं होतं का कुणी आम्हाला?

माडाखालची
हेच म्हणत होते मी. भाषेवर मतदान झालं तर जो जिंकेल तो पुढची वीस वर्षं शेजाऱ्याला डिवचणार. माझ्या घरात सासू कोंकणी बोलते आणि पोथी मराठी वाचते. तिने कुठे शिक्का मारायचा?

पेडण्याचा वकील
डिचोलीकर, एक पाऊल पुढे येतो. नवा कायदा सुचवायचा हक्क नको, झालेला रद्द करायचा हक्क चालेल, आणि अट बाटलीवाली: एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, हे मात्र धरून चाला.

डिचोलीकर
एकूणच्या निम्मे? म्हणजे मुंबईत नि आखातात असलेले, मतदानाला न येणारे सगळे सरकारच्या बाजूने मोजणार तुम्ही. नाही जमणार. मत देणाऱ्यांच्या निम्मे, आणि किमान ५० टक्के मतदान. यावर बोला.