मदत हवी आहे: बारा वाजून गेले तरी सावली कमीच होत राहिली, कुठे चुकलं?

पिंपळपान (सोमवार, रात्री १०.४०)
घाईत लिहितेय, येत्या रविवारच्या आत उत्तर हवं आहे. आमच्या सोसायटीतली मुलं दर रविवारी माझ्याकडे येतात, आम्ही विज्ञानाचे प्रयोग करतो. पाण्याने भरलेल्या ग्लासवर पुठ्ठा ठेवून तो उलटा करणं, सुईचं होकायंत्र, चेंडू आणि टॉर्च घेऊन चंद्राच्या कला, सगळं नीट झालं. काल गच्चीवर काठीची सावली मोजली. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की दुपारी बारा वाजता सावली सगळ्यांत लहान होते आणि मग वाढायला लागते. आमची बारानंतरही कमीच होत होती. मुलांनी दोनदा मोजली. मग वॉचमन गच्चीला कुलूप लावायला आले म्हणून खाली उतरलो. कुठे चुकलं असेल? ‘नेटवर शोधा’ असं कृपया सांगू नका. शोधलंय, तिथेही बाराच लिहिलंय.

कळवेकर
काठी ओळंब्यात होती का? गच्ची कधीच सपाट नसते. पाणी मोरीकडे जावं म्हणून मुद्दाम ढाळ दिलेला असतो. बावीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली आहेत, डोळ्यांना सरळ वाटणारी काठी ओळंबा लावला की वाकडी निघते. आधी ते बघा.

दोन_मुलांचा_बाबा
ताई, सावली मोजण्यात मुलं कंटाळतात. ज्वालामुखी करा. मातीचा डोंगर, आत छोटी बाटली, त्यात खायचा सोडा, थोडा लाल रंग, वरून व्हिनेगर. माझी दोघं आठवडाभर तेच करत होती. तयार किटही मिळतात, सगळं सामान एकाच खोक्यात, शोधाशोध नको.

चांदणचुरा
पिंपळपान, कोणतं गाव, कोणती तारीख, किती उंचीची काठी, किती वाजता किती सेंटिमीटर, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. आकडे द्या. आकड्यांशिवाय सगळे अंदाजच करत बसतील.

पिंपळपान (मंगळवार, सकाळी ७.१५)
मला वाटलं सावली सगळीकडे सारखीच वागते, म्हणून लिहिलं नाही. ठाणे, घोडबंदर रोड. काल नव्हे, परवा झाला आता, रविवार ११ जानेवारी. काठी म्हणजे झाडूचा दांडा, वाळू भरलेल्या बादलीत उभा केलेला. गच्चीच्या लादीपासून टोकापर्यंत बरोबर १०० सेंमी. वाचनं अशी: ११.०० ला १०२, ११.३० ला ८९, १२.०० ला ८१, १२.१५ ला ७८. ओळंबा नव्हता. ज्वालामुखी मागच्या वर्षीच केला होता.

खारीगावकर
सावली कुठून मोजली? काठीच्या बुडापासून की बादलीच्या कडेपासून?

पिंपळपान
बादलीच्या तळाच्या कडेपासून. बुड वाळूत आहे, तिथून टेप कशी लावणार?

खारीगावकर
मग सापडली चूक. बादलीने घोळ केला. बादली काढा, जुन्या छत्रीचा सिमेंटचा स्टँड घ्या, सगळं बरोबर येईल.

चांदणचुरा
बादलीने आकडे चुकले, वेळ नाही चुकली. तळाची त्रिज्या समजा ११ सेंमी. चारही आकड्यांत ११ मिळवा: ११३, १००, ९२, ८९. उतरण तशीच राहते. बादली दर पंधरा मिनिटांनी जाड-बारीक होत नव्हती ना! त्रिज्या मोजून मिळवायची, एवढंच.

खारीगावकर
पण बुडाशीच चूक असेल तर पुढच्या मापावर विश्वास कसा ठेवायचा? मुलांना पहिल्या दिवसापासून नीट मोजायची सवय हवी. मी याच मताचा आहे.

निवृत्त_मास्तर
पिंपळपानताई, तुमच्या मुलांनी बरोबर मोजलं आहे. पुस्तकातलं वाक्य ठाण्यासाठी चुकीचं आहे.

आपलं घड्याळ ठाण्याच्या सूर्यावर चालत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, म्हणजे मिर्झापूरजवळची. ठाणे साधारण ७३ अंशांवर. फरक साडेनऊ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून मिर्झापूरच्या माथ्यावरून गेलेला सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेत यायला ३८ मिनिटं घेतो. शिवाय जानेवारीत सूर्य घड्याळापेक्षा आणखी थोडा मागे असतो, ११ तारखेला सुमारे ८ मिनिटं. त्या दिवशी तुमची सर्वांत लहान सावली १२.४६ च्या सुमाराला पडली असणार, ८७ सेंमीच्या आसपास. तुम्ही सव्वाबाराला खाली उतरलात.

माझे वडील ‘मुंबई टाइम’ची गोष्ट सांगायचे. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही, ती १९५५ पर्यंत टिकली. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तुमच्या मुलांनी झाडूच्या दांड्याने जवळपास तेच घड्याळ शोधून काढलंय.

कळवेकर
३८ समजले. ही ८ मिनिटं कुठून आणलीत? आणि काठी वाकडी असली तरी वेळ सरकतेच, ते का सोडून दिलंत?

निवृत्त_मास्तर
पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा सर्वांत वेगाने धावते. त्यात आस साडेतेवीस अंश कललेला. या दोन्हींमुळे सूर्याचे दोन माध्यान्ह नेमके २४ तासांच्या अंतराने येत नाहीत, रोज काही सेकंदांचा फरक पडतो आणि तो साठत जातो. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य १४ मिनिटं मागे पडलेला असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. ओळंब्याचं म्हणाल तर मान्य. काठी पूर्वेला किंवा पश्चिमेला झुकली तर वेळ सरकते. दोरा आणि वजन लावाच.

दोन_मुलांचा_बाबा
उद्या संक्रांत, उत्तरायण सुरू, म्हणजे उद्यापासून सावली लहान व्हायला लागेल. मुलांना हेच सांगा, लगेच लक्षात राहतं.

चांदणचुरा
नाही हो. उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालं. ठाण्यात तेव्हा मीटरभर काठीची दुपारची सावली ९२ सेंमी होती, आता ८७, येत्या रविवारी ८३-८४ होईल. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाची दिशा सावकाश बदलते त्यामुळे, संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी संक्रांत होती.

दोन_मुलांचा_बाबा
मग सकाळी सात वाजता अंधार का असतो? मुलीला बसस्टॉपवर सोडतो, डिसेंबरपेक्षा आता जास्त अंधार वाटतो.

निवृत्त_मास्तर
निरीक्षण उत्तम आहे. दिवस मोठा होतोय तो संध्याकाळच्या बाजूने. आपल्याकडे सगळ्यांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावरच असतो. त्याचं कारण ती वरची साठत जाणारी मिनिटंच.

नेरुळ_पश्चिम
मी म्हणेन सावली सोडा आणि मुलांना खाडीवर न्या. आकाशाचा परिणाम पायाशी दिसतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आमच्याकडच्या कोळ्यांचा हिशेब. अष्टमी असेल तर सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाने पुढे जाते हे मुलांनी स्वतः लिहून काढलं की चंद्र विसरणार नाहीत. येत्या रविवारी अमावास्या आहे, उधाण बघायला मिळेल. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने फ्लेमिंगोही दाखवता येतील.

खारीगावकर
तो हिशेब समुद्राकाठचा. आमच्याकडे खाडीच्या आतल्या टोकाला पाणी उशिरा पोहोचतं. मुलं सव्वाअकराला जाऊन उभी राहतील आणि पिंपळपानताई परत इथे विचारायला येतील.

नेरुळ_पश्चिम
उशीर किती होतो तेच मोजायचं की! पहिल्यांदा नेरुळ जेट्टीवर, मग कळव्याच्या पुलाजवळ. याहून चांगला प्रयोग कोणता? आणि ते व्हिनेगरचे ज्वालामुखी बंद करा. आपला सह्याद्री शंकूसारख्या डोंगरांतून नाही, जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आलेल्या लाव्हाचा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पारसिकच्या डोंगरात काळा बेसॉल्ट हाताला लागतो. तो मुलांच्या हातात द्या.

दोन_मुलांचा_बाबा
सोडा आणि व्हिनेगर मिळून वायू तयार होतो आणि तो फेस वर ढकलतो, हेही विज्ञानच आहे. सगळं कोटी वर्षांवर नेलं तर तिसरीतलं पोर उठून जाईल.

पिंपळपान (मंगळवार, रात्री ११.०५)
मास्तर, मनापासून आभार. खाडी आणि बेसॉल्ट पुढे नक्की करू, पण आत्ता माझा जीव दुसरीकडे अडकलाय. एक गोष्ट मी लिहिली नव्हती. बारानंतर सावली कमी होत राहिली तेव्हा मी मुलांना म्हटलं, “तुमचं मोजताना चुकतंय.” पाचवीतल्या एका मुलीने १२.१५ चे ७८ खोडून तिथे ८४ लिहिले आणि मला वही दाखवून विचारलं, “काकू, आता बरोबर आहे ना?” मी मान हलवली. तिचा आकडा खरा होता आणि माझ्यामुळे तिने तो खोडला. कालपासून तेच डोळ्यांसमोर आहे. आता रविवारी ३८ मिनिटांचं सगळं तिला नीट समजावून सांगू ना?

निवृत्त_मास्तर
आधी सांगू नका. तिच्याकडून परत मोजून घ्या. तुमच्या तोंडून आलेल्या बाराच्या जागी तुमच्याच तोंडून आलेले पावणेएक ठेवले, तर तिच्या हाती काय लागलं?

कळवेकर
मला पटत नाही. लहान मुलीने खाडाखोड केलीय, तिला आधी सांगा की तुझं बरोबर होतं. प्रयोग नंतर. मोठ्यांनी चूक कबूल करायला सहा दिवस का घ्यायचे?

चांदणचुरा
दोन्ही जमेल. ‘तुझा आकडा बरोबर होता, मी चुकले’ हे आजच जाऊन सांगा. ‘का’ ते रविवारी शोधा. आणि पद्धत बदला. दुपारी सावली इतकी सावकाश बदलते की सर्वांत लहान क्षण पकडता येत नाही, वीस मिनिटांत अर्धा सेंटिमीटरसुद्धा हलत नाही. त्यापेक्षा जुनी शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, पद्धत घ्या. सकाळी सावलीचं टोक जिथे असेल तिथपर्यंत त्रिज्या घेऊन काठीभोवती खडूने वर्तुळ काढा. टोक आत शिरेल, दुपारनंतर परत वर्तुळाला टेकेल. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे खरी दुपार. दोन्ही खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. मोबाइलच्या होकायंत्राला गच्चीतलं लोखंड भुलवतं, या रेघेला नाही. टोक धूसर दिसतं ना? काठीच्या टोकाला छिद्र पाडलेलं पुठ्ठं लावा, छिद्राची उंची मोजा आणि उजेडाच्या गोल ठिपक्याचा मध्य धरा.

पिंपळपान (रविवार, संध्याकाळी ६.३०)
सांगितलं तसं केलं. बुधवारी तिळगूळ द्यायला गेले तेव्हाच त्या मुलीला सांगितलं की तुझे ७८ बरोबर होते. ती काही बोलली नाही, आतून वही घेऊन आली. ८४ वर रेघ मारली होती. म्हणजे तिला माहीतच होतं.

आज सोसायटीकडून अडीचपर्यंत गच्ची मागून घेतली होती. बादलीची त्रिज्या ११ च निघाली. दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, दांडा खरंच थोडा कललेला होता, कळवेकर, तुमचंही बरोबर होतं. सकाळी ११.४० ला ९४ सेंमीचं वर्तुळ काढलं. दुपारी १.५६ ला ठिपका परत वर्तुळावर. मध्य १२.४८. मुलं बाराच्या सुमाराला जेवायलाही खाली जाईनात, शेवटी डबे वर आणले.

सर्वांत लहान सावली ८४ सेंमी. आलेखाच्या कागदावर १० सेंमी उभी रेघ, ८.४ आडवी, कोनमापकाने ४० अंश. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या २०.६ अंश दक्षिणेला असतो हे मी सांगितलं, ते वजा केले तर १९.४. नकाशात ठाण्याचा अक्षांश १९.२. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे आम्ही वीसेक किलोमीटर चुकलो. सातवीतला एक जण म्हणाला, “म्हणजे आपण विरारला पोहोचलो.”

बारा वाजता का नाही, यावर मात्र भांडण अजून चालू आहे. एक गट म्हणतो घड्याळ दिल्लीचं आहे. नागपूरला सावली किती वाजता लहान होते हे विचारायला एकीने तिथल्या मामाला फोन लावलाय, तो पुढच्या रविवारी मोजणार आहे. मास्तर, मी ३८ मिनिटं सांगितलेली नाहीत.

निवृत्त_मास्तर
नागपूर ७९ अंशांवर आहे. मामाला सांगा, जेवायला लवकर बसा.

नेरुळ_पश्चिम
मे महिन्यात परत करा. १६ मेच्या आसपास ठाण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, १२.३५ च्या सुमाराला काठीला सावलीच नसते. आणि खाडी?

पिंपळपान
खाडी फेब्रुवारीत, नक्की. १६ मे वॉचमनदादांच्या रजिस्टरमध्ये आत्ताच लिहून आले. एकच अडचण राहिली, छिद्राचं पुठ्ठं वाऱ्याने दोनदा उडालं. सेलोटेप उन्हात सुटते. कशाने बसवू?

कळवेकर
दांड्याच्या टोकाला करवतीने चीर पाडा आणि पुठ्ठं त्यात खोचा. चिकटवायचं कामच नाही.