मार्खाचे दिवस कमी करायचे का? सोसायटी ट्रेक ग्रुपवरची चर्चा

सी-३०१: नमस्कार मंडळी. लडाखच्या मार्खा ट्रेकसाठी अजून एका ऑपरेटरचं कोटेशन आलंय. सात दिवसांत सगळं आटपतं. लेहला एकच मुक्काम, खोऱ्यात रस्ता असेल तिथवर गाडी, पुढे हांकर गावाहून थेट निमालिंगच्या कुरणांवर. रजा वाचते, माणशी खर्चही बराच कमी. मत द्या, म्हणजे ॲडव्हान्स भरून टाकतो.

ए-२०३: आम्हा दोघांना चालेल. ऑफिसातून एवढी रजा मिळणं कठीणच आहे.

बी-५०४: दादा, ॲडव्हान्स भरायच्या आधी माझं ऐका. मी या खोऱ्यातून चालले आहे आणि हा प्लॅन मला अजिबात पटलेला नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेह साधारण ३,५०० मीटर. म्हणजे सकाळी पुण्यातून निघून दुपारी आपण कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर असणार, तेही एक पाऊल न चढता. शरीराला याची काहीच कल्पना नसते. त्यात दुसऱ्या दिवशी सॅक पाठीवर? लेहला तीन रात्री हव्यातच. पहिला दिवस नुसता आराम, फिरणंसुद्धा नको.

ए-४०१ (डॉक्टर): ताई बरोबर बोलतायत. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. हांकर साधारण ४,०००, निमालिंग ४,७०० च्या वर. एका दिवसात एवढी उडी नको. मधे मुक्कामाची जागा नाही का?

बी-५०४: आहे ना. थाचुंगत्से, साधारण ४,२०० मीटरवर. नेमका तोच मुक्काम या कोटेशनमधून गाळलाय.

ए-१०२: मी ६६ वर्षांचा आहे, बीपीची गोळी चालू आहे. सिंहगड दर रविवारी चढतो. मी नाव मागे घेऊ का? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

ए-४०१ (डॉक्टर): काका, लगेच मागे घेऊ नका. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, स्ट्रेस टेस्ट करून घ्या आणि बीपीच्या गोळ्यांचंही विचारा. ते काय म्हणतात त्यावर ठरवू. आणि सगळ्यांसाठी: डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, कुणीही आपल्या मनाने सुरू करू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. तिथे गेल्यावर डोकं दुखलं तर लपवायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला, तर वाट बघायची नाही. रात्र असली तरी खाली उतरवायचं.

ए-२०३: बापरे. पण मग लेहमध्ये तीन दिवस करायचं काय?

बी-५०४: खूप काही आहे. दुसऱ्या दिवशी गाडीने शे गाव आणि ठिकसेचा मठ. शेच्या राजवाड्यात शाक्यमुनींची प्रचंड मूर्ती आहे, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, १७ व्या शतकातली. ती घडवायला नेपाळहून कारागीर आणले होते, त्यांचेच वंशज चिलिंगला स्थायिक झाले असं तिथे सांगतात. चिलिंग म्हणजे जिथून आपण खोऱ्यात शिरणार ते गाव. आजही तिथे तांब्या-पितळेची भांडी घडवतात. पुढे मुक्कामाच्या घरात स्वयंपाकघर बघाल तेव्हा ही मूर्ती आठवेल. भिंतभर फळ्या, त्यावर ओळीने तांब्याची पातेली आणि पळ्या, सगळं घासून लखलखीत. मध्ये नक्षीची काळी चूल. भिंतीला टेकून गालिचे अंथरलेले, पुढ्यात बुटकी चौरंगासारखी मेजं. घरची आजी उंच लाकडी नळकांड्यात लोणी-मिठाचा चहा घुसळत असते. पहिला घोट नवीन वाटतो, पण थंडीत तोच बरा वाटायला लागतो. कप अर्धा झाला की पुन्हा भरला जाणार. नको असेल तर भरलेला तसाच ठेवा आणि निघताना संपवा.

सी-१०४: आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, कांदा-लसूणही नाही. सोय होईल का?

बी-५०४: काकू, वरण-भात, परसातली पालेभाजी, चपाती मिळतेच. स्क्यू म्हणून कणकेच्या तुकड्यांचं भाजी घातलेलं सूप असतं, तेही शाकाहारी करतात. कांदा-लसणाचं आधी सांगून ठेवू. शौचालय कोरडं असतं, माती टाकायची, पाणी नाही. त्याचंच खत शेतात जातं, म्हणून आत ओले वाइप्स टाकू नका, प्लीज.

बी-२०२: काकू, मी नववीत आहे. आपल्याला हिमबिबट्या दिसेल का?

बी-५०४: बेटा, उन्हाळ्यात तो फार वर असतो, बहुतेक नाही दिसणार. भरल, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्या, मात्र कळपाने दिसतील. आपण चालणार ते हेमिस राष्ट्रीय उद्यान, साधारण ४,४०० चौरस किलोमीटर, भारतातलं सर्वांत मोठं. तिथे हिमबिबट्या रात्री गोठ्यात उतरला की एका फेरीत कित्येक शेळ्या-मेंढ्या मारायचा, लोक चिडून त्याला मारायचे. मग गोठ्यांवर जाळ्या बसल्या आणि घरांत पाहुणे ठेवणं सुरू झालं. आता तोच प्राणी पाहायला माणसं येतात आणि घराला चार पैसे मिळतात. म्हणूनच मी तंबूवाल्या पॅकेजच्या विरोधात आहे. थाचुंगत्से आणि निमालिंगला इलाज नाही, तिथे गाव नाही, नुसती कुरणं. बाकी सगळीकडे घरातच राहायचं. पाहुण्यांचं सगळं घरातल्या बायका बघतात, पैसे त्यांच्या हातात जावेत.

सी-३०१: म्हणजे तिबेटी कुटुंबांकडेच मुक्काम. मस्त.

बी-५०४: दादा, त्यांना तिबेटी म्हणू नका हं. ते लडाखी. धर्म, लिपी, चालीरीती तिबेटशी जोडलेल्या आहेत, पण १८३४ मध्ये जम्मूचं डोग्रा सैन्य येईपर्यंत लडाख स्वतंत्र राज्य होतं. तिबेटी निर्वासितांची वस्ती लेहजवळ चोगलमसरला आहे. आपल्याकडे गोंदियात गोठणगावजवळ आहे तशी.

ए-१०२: वाटेत देवळं वगैरे? काही पथ्यं पाळायची का?

बी-५०४: मणी-भिंत आली की ती आपल्या उजव्या हाताला राहील अशा बाजूने जायचं. छोर्तेनला, म्हणजे स्तूपालाही तसंच, म्हणजे आपोआप प्रदक्षिणा होते. भिंतीवरच्या दगडांवर मंत्र कोरलेले आहेत. प्रत्येक दगड कुणीतरी श्रद्धेने ठेवलेला आहे. त्यावर बसायचं नाही, सॅक टेकवायची नाही आणि आठवण म्हणून एकही उचलायचा नाही. हे मी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा सांगणार आहे. मार्खा गावाच्या पुढे कड्यावर तेचा गोंपा, म्हणजे मठ आहे, चढ खडा आहे पण तासभर काढून जाऊच. सात दिवसांच्या प्लॅनमध्ये तो खालूनच बघावा लागेल.

ए-२०३: हेमिस मठातला मुखवट्यांचा नाच आपल्या तारखांत सापडेल का?

बी-५०४: नाही, तो जून-जुलैत असतो. आपण ऑगस्टअखेर निघून गणपतीच्या आधी परत. तेव्हा जवाची कापणी चालू असते, ओढ्यांचं पाणीही उतरायला लागतं. तरी ओढे सकाळीच ओलांडायचे, दुपारी वरचा बर्फ वितळून धार वाढते. शेवटी कोंगमारू ला ही खिंड, पाच हजार मीटरच्या वर. हवामान फिरलं तर थांबायला हातात एक जादा दिवस हवाच.

सी-३०१: ताई, पटलं. सात दिवसांवाल्याला नाही कळवतो. लेहला तीन रात्री, मग स्क्यू गाव, मार्खा, हांकर, थाचुंगत्से, निमालिंग, परत लेह आणि एक दिवस राखीव. अकरा दिवस. थाचुंगत्से-निमालिंगला तंबू, बाकी घरं. कुणाला रजा जमत नसेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, त्यानंतर तिकिटं काढतो.

ए-२०३: आम्ही बॉसशी बोलतो. जमवूच.

बी-५०४: प्रीपेड सिमवाल्यांनी जायच्या आधी पोस्टपेड करून घ्या, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. खोऱ्यात तसाही नेटवर्कचा भरवसा नाही, घरच्यांना आत्ताच कल्पना द्या.

ए-१०२: स्ट्रेस टेस्टची शनिवारची वेळ घेतली. रिपोर्ट डॉक्टरांना पाठवतो, मगच माझं तिकीट काढा.