सायलेन्सर-फिल्टर बदललेल्या गाडीला शोरूमचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) अपडेट का घ्यायचा?

घाटवाट६५०: माझी बीएस-६ ट्विन आहे, ६५० सीसी. फ्री-फ्लो सायलेन्सर, मोकळा एअर फिल्टर आणि पिगीबॅक फ्युएल ट्यूनर बसवलाय. सर्व्हिसला टाकली तर सांगतात, "नवीन सॉफ्टवेअर आलंय, टाकून देतो." काय बदललंय विचारलं, तर उत्तर नाही. कंपनीचा मॅप (किती आरपीएमला किती पेट्रोल, याचा तक्ता) मूळ सायलेन्सर धरून केलेला असतो. माझ्या गाडीला त्याचा काय उपयोग? मी साफ नाही म्हटलं.

नट_बोल्ट: इथेच चुकतंय, दादा. ईसीयूत फक्त पेट्रोलचा मॅप नसतो. थंड इंजिन सुरू होताना आयडल (थ्रॉटल न देता इंजिनचा वेग) किती ठेवायचा, सेन्सरच्या कोणत्या रीडिंगला बिघाड समजायचं, हे सगळं त्यातच असतं. सिग्नलला गाडी बंद पडण्याची तक्रार कंपन्या बऱ्याचदा अपडेटनेच सोडवतात. आणि तुमचा पिगीबॅक ईसीयूच्या आत शिरतच नाही. इंजेक्टरकडे जाणारा सिग्नल वाटेत पकडून तो कमी-जास्त करतो. अपडेटने तो पुसला जायचा प्रश्नच नाही.

घाटवाट६५०: पुसला जात नाही, पण हिशोब बिघडतो ना! समजा ५००० आरपीएमला ट्यूनरने मूळ पेट्रोलवर ६ टक्के वाढवलंय. उद्या कंपनीने त्याच जागी ४ टक्के वाढवलं, तर माझे ६ त्याच्यावर चढणार. गाडी रिच (जास्त पेट्रोलवर) चालणार, प्लग काळे पडणार, अॅव्हरेज जाणार. परत डायनोचे (रोलरवर गाडी पळवून ट्यून करण्याचे) पैसे कोण देणार?

कार्ब्युरेटरवाला: फ्लॅश ट्यून केलेल्यांनी तर दुप्पट सावध राहा. तिथे मॅप ईसीयूतच लिहिलेला असतो, शोरूमने अपडेट टाकला की ट्यून गेला. मित्राच्या गाडीचं असंच झालं. न विचारता अपडेट मारला, गाडी हातात दिली, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज. ट्यूनरकडे जुनी फाइल होती म्हणून निभावलं.

नट_बोल्ट: हा अपडेटचा दोष नाही, न विचारण्याचा आहे. दुसरी बाजूही बघा. संथ क्रूझिंगला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सांभाळून घेतो, पूर्ण थ्रॉटलला साधा सेन्सर ते करत नाही, तिथे मॅप सांगेल तेच. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) साधारण १३.५. म्हणजे जुन्या पेट्रोलवर केलेला ट्यून आज पूर्ण थ्रॉटलला लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडू शकतो. मोकळ्या फिल्टरने हवा आणखी वाढवलीत, आणि भीती अपडेटची?

नियमाने_चला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढला असेल तर अपडेटच्या आधी तो परत बसवा. पीयूसी आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांवरचं) या गोष्टी चर्चेत कुणी काढतच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कान वेगळेच.

घाटवाट६५०: कॅट जागेवर आहे. ई२० चा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय वाइडबँड (मिश्रण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावून पुन्हा ट्यून करणं हा आहे, न सांगता टाकलेलं सॉफ्टवेअर नाही. जॉब कार्डवर जुना-नवीन व्हर्जन नंबर आणि बदल लिहून द्या, लगेच टाकतो.

नट_बोल्ट: बदलांची यादी काउंटरवर क्वचितच मिळते. व्हर्जन नंबर मात्र स्कॅनरवर दिसतो, मागा. अपडेट घ्या, ट्यूनर शून्यावर आणा, मग नव्याने डायनो करा. खर्च होईल, पण मॉडिफिकेशनच्या बजेटमध्ये तो पहिल्यापासून धरायलाच हवा होता.

घाटवाट६५०: गाडी थंडीत एका सेल्फमध्ये सुरू होते, तापत नाही, चेक लाइट नाही. तक्रारच नसताना एवढं सगळं उलगडायचं कशासाठी?