वळताना कटकट (सोसायटी ग्रुप)

देशपांडे काका (ए-४०२): मंडळी, गाडी वळवताना पुढून आवाज येतोय. २००९ची गाडी आहे. गॅरेजवाला म्हणतो, स्टीअरिंगचा अख्खा रॅक (चाकं वळवणारी दांड्याची यंत्रणा) बदला. कुणाला कळतं का यातलं?

नीलेश (बी-१०३): कसला आवाज काका? घूं, टण्ण की कटकट?

देशपांडे काका: कटकट. पार्किंगच्या रॅम्पवर उजवीकडे वळताना तर फारच.

सावंत (बी-५०५): पॉवर स्टीअरिंगचं ऑइल टाका, गप्प बसेल

नीलेश: सावंत, ऑइल कमी असलं तर घूं असं कण्हल्यासारखं येतं, आणि डबीत फेस दिसला तर हवा शिरलीय. इलेक्ट्रिक स्टीअरिंगला तर ऑइल नसतंच. काका, गाडी जागेवर उभी ठेवून स्टीअरिंग फिरवलं तर?

देशपांडे काका: तेव्हा चिडीचूप.

शुभांगीताई (सी-२०१): आमची उलट! जागेवरच टण्ण करायची आणि हाताला झटका. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, मला स्टीअरिंग फिरवायला लावलं आणि स्वतः शॉकॉप्सरच्या वरच्या माउंटिंगवर हात ठेवून बसला. आवाज झाला की हाताला धक्का. तिथलं बेअरिंग गेलं होतं.

जोशी आजोबा (ए-१०१): शुभ सकाळ 🌷🙏

नीलेश: आजोबा, रात्रीचे नऊ वाजलेत 😄
काका, उभी असताना गप्प आणि पूर्ण वळवून चालवताना कटकट म्हणजे बहुतेक एक्सलचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) चाकाकडचा, बाहेरचा जॉइंट. उजव्या वळणावर जास्त येत असेल तर संशय डाव्या चाकावर. स्टीअरिंग पूर्ण वळवून ठेवा आणि चाकाच्या मागे टॉर्च मारा. जॉइंटवर घड्याघड्यांचा रबरी बूट असतो, तो बघा.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार. पाणी १० ते १ बंद.

देशपांडे काका: बघून आलो. बूटला बोटभर चीर, रिमच्या आत काळं चिकट ग्रीस उडालंय.

नीलेश: मग तोच. ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत, जॉइंट खाल्ला गेला. कटकट सुरू झाल्यावर नुसता बूट बदलून भागत नाही, जॉइंट बदलावा लागतो. रॅकला हात लावू देऊ नका. गाडी वर घेतलीच आहे तर बॉल जॉइंट आणि टाय रॉड (चाकाला सस्पेन्शन आणि स्टीअरिंगशी जोडणारे भाग) यांची ढिलाई तेवढी हलवून बघायला सांगा.

देशपांडे काका: शनिवारी कोल्हापूरला निघायचंय, जाऊन येऊ का आधी?

शुभांगीताई: एसटीने जा काका 🙏