अर्थकारणाचं वाचताना नेमकं कुठे फसायला होतं? (अनुभव धागा)

आकडेमोड्या
काल "महागाई घटली" असा मथळा दिसला आणि खाली तोच जुना सवाल: मग भाव का उतरले नाहीत? हा घोळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, म्हणून धागा काढला. महागाईचा दर म्हणजे भाव चढण्याचा वेग. निर्देशांक (भावांची एकूण पातळी दाखवणारा आकडा) १०० चा ११० झाला, दर १०%. पुढच्या वर्षी ११४.४ झाला, दर ४%. दर निम्म्याहून खाली आला, पण दोन वर्षांत वस्तू १४.४ टक्क्यांनी महागच झाली. भाव खरोखर उतरायचे तर दर शून्याखाली जावा लागतो, आणि तसं झालं की अर्थतज्ज्ञांची झोप उडते, तो विषय निराळा.
उद्योग-अर्थकारणाचं काही वाचताना आधी काय तपासता ते लिहा. प्रवचन नको, खाचाखोचा हव्यात.

चष्मेवाली
बेस इफेक्ट (ज्या जुन्या आकड्याशी तुलना करतो त्याच्याच चढ-उताराचा परिणाम) राहिला की! गेल्या वर्षी याच महिन्यात निर्देशांक १०० वरून उसळून १०६ झाला असेल आणि आज १०७ असेल, तर छापून येणार ०.९%. गेल्या वर्षीची उसळी हिशेबातून गायब. उपाय सोपा, दोन वर्षांपूर्वीच्या महिन्याशी ताडून बघा, ७% दिसतील. मंदीनंतर "विक्रमी वाढ" छापतात तेव्हा हेच उलट्या बाजूने चाललेलं असतं.

सावकाश
+१
२०% पडलं आणि मग २०% चढलं म्हणजे जागेवर आलं असं धरणारे अजून भेटतात. १०० चे ८०, ८० चे ९६. भरून यायला २५% लागतात. ५०% पडलं तर दुप्पट व्हावं लागतं.

तिरपागडे
टक्का आणि टक्केबिंदू! व्याजदर ४ चा ५ झाला म्हणजे १ टक्केबिंदू (१०० बेसिस पॉइंट) वाढला, पण "२५% वाढ" म्हटलं तरी खोटं नाही. घाबरवायचं असेल तर दुसरं लिहितात. बस आली, पळतो.

घसारा
कंपन्यांचे वार्षिक अहवाल मागून पुढे वाचावेत. अध्यक्षांचं पत्र आणि हसरे फोटो शेवटी. आधी ऑडिटरचा अभिप्राय. तिथे "क्वालिफाइड" दिसलं तर खूश होऊ नका, अर्थ उलटा आहे: अमुक बाब सोडून बाकी ठीक. स्वच्छ अभिप्रायाला "अनक्वालिफाइड" म्हणतात.
मग टीपा. तिथे तीन गोष्टी: संबंधितांशी (मालकांच्या घरच्या माणसांशी, त्यांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी) झालेले व्यवहार, संभाव्य देणी (पुढे कदाचित गळ्यात पडतील अशी), आणि हिशेबाच्या पद्धतीत केलेला बदल. शेवटची फार गोड असते. १०० चं यंत्र १० वर्षं चालेल असं धरलं तर घसारा (यंत्राची किंमत वर्षांवर वाटून दरवर्षी खर्चात धरतात तो) वर्षाला १०. पुढे कोणी ठरवलं की २० वर्षं चालेल, घसारा ५. एक नग जास्त न विकता नफा ५ ने वाढला.
मग येणी, म्हणजे उधार विकलेल्या मालाचे यायचे पैसे. विक्री ७३०, येणी १२०, म्हणजे पैसे यायला ६० दिवस (येणी भागिले विक्री गुणिले ३६५). पुढच्या वर्षी विक्री ८७६, येणी १९२. विक्री २०% वाढली म्हणून टाळ्या पडतात, पण दिवस ८० झालेत. माल गळ्यात मारलाय, पैसे आलेले नाहीत. म्हणून पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज कामकाजातून आलेल्या रोख रकमेच्या बेरजेशी ताडून बघायची. रोख सतत मागे पडत असेल तर पुढे वाचायचे कष्ट वाचले.

चष्मेवाली
घसारा काका, आज तुमचं नाव सार्थ झालं 😄

मोडीवाचक
काका, तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेची टेलिफोन कंपनी वर्ल्डकॉम आठवा. दुसऱ्या कंपन्यांच्या लाइन वापरायचं भाडं हा रोजचा खर्च. तो त्यांनी मालमत्ता म्हणून नोंदवला. जून २००२ मध्ये ३.८ अब्ज डॉलरचा आकडा जाहीर झाला, सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत ऑडिटच्या चमूने पकडला होता. मेख अशी की खर्च मालमत्तेत ढकलला की तो रोखप्रवाहात "गुंतवणूक" या खान्यात जातो, त्यामुळे नफा आणि कामकाजाची रोख दोन्ही एकदम फुगतात. तुमची चाचणी छान पास होते. कामकाजाच्या रोखीतून भांडवली खर्च (मालमत्ता म्हणून नोंदवलेला) वजा करूनच बघायचं.

घसारा
मान्य. वजा करायचं लिहायला हवं होतं.

आकडेमोड्या
वा, असंच हवं होतं. कंपन्यांवर गाडी गेली, हरकत नाही.

टळटळीत
अभ्यासनिबंधांचं पण लिहा कोणीतरी. राइनहार्ट-रोगॉफ या दोन अर्थतज्ज्ञांचा निबंध, २०१०: सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ सरासरी उणे ०.१%. सगळीकडे हाच आकडा फिरला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल उघडली तर सरासरीच्या सूत्रात पाच देश आलेच नव्हते: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. दुरुस्त करून सरासरी निघाली अधिक २.२%.

मोडीवाचक
एक्सेलचा किस्सा चघळायला बरा, पण सगळा फरक त्याने पडला नव्हता. काही वर्षांची आकडेवारी वगळली होती, आणि वजनं गंडली होती. ९० टक्क्यांवरच्या गटात न्यूझीलंडचं एकच वर्ष होतं, १९५१, वाढ उणे ७.६%. ब्रिटनची १९ वर्षं, सरासरी २.४%. दोघांना सारखंच वजन! सरासरी दिसली की आधी विचारायचं, कशाची आणि कोणाला किती वजन देऊन.

सावकाश
म्हणजे एका वर्षाने एकोणीस वर्षांना तोललं. धन्य.

निंबोणी
घाईत आहे, एकच. अमेरिकेचा तिमाही जीडीपी वार्षिक दराने छापतात, युरोपचा बहुधा नुसता तिमाही. ०.५% चार तिमाह्या चक्रवाढ केली की साधारण २%. दोन्ही आकडे शेजारी ठेवून "युरोप चौपट मागे" म्हणणारे लेख मिळतील. आणि पहिला आकडा अंदाज असतो, नंतर दोनदा तरी सुधारतात. सुधारलेल्याची बातमी आत कुठेतरी.

तिरपागडे
बसमधून: जीडीपीत आयात वजा करतात, म्हणजे आयात वाढली की जीडीपी घटतो ना?

निंबोणी
नाही हो. आयात केलेली वस्तू खर्चात किंवा गुंतवणुकीत आधीच मोजली गेलेली असते, ती तिथून काढायला वजाबाकी. १० ची वस्तू बाहेरून आणून विकत घेतली: खर्च अधिक १०, आयात उणे १०, परिणाम शून्य.

तिरपागडे
अच्छा! इतकी वर्षं उलटंच धरून बसलेलो.

चष्मेवाली
काका, तो "अ‍ॅडजस्टेड" नफा काय प्रकार असतो? त्यातून नेमकं काय काढतात?

घसारा
जे नकोसं वाटतं ते 😄 "एकदाच झालेला खर्च" म्हणून काढतात. तो खर्च सलग चौथ्या वर्षी एकदाच झालेला दिसला की समजायचं. बाकीचं रात्री लिहितो.